क्लोरीनचा वास येतो, तरीही सोसायटीच्या तलावाचे पाणी हिरवट का?

तलावकाठचा (प्रश्नकर्ता)

नमस्कार. पुण्यातील आमच्या सोसायटीच्या समितीवर गेल्या वर्षी माझी निवड झाली आणि ‘तुम्ही रोज पोहता, तेव्हा तलावाचे तुम्हीच पाहा’ असे म्हणून जलतरण तलावाची जबाबदारी माझ्याकडे आली. तलाव पंधरा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि तीन ते पाच फूट खोल आहे, म्हणजे पाणी सुमारे १,०८,००० लिटर. डिसेंबरअखेर तो रिकामा करून टाइल घासल्या, टँकरचे नवे पाणी भरले आणि जानेवारीपासून तो सुरू आहे.

मार्चपर्यंत तक्रार नव्हती. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून मात्र पाणी आधी पांढुरके आणि मग हिरवट झाले. खोल बाजूच्या तळाची जाळी आता दिसत नाही, मुलांचे डोळे चुरचुरतात आणि फाटकातून आत शिरताच क्लोरीनचा उग्र वास येतो. आमचे ऑपरेटर रोज सकाळी तीनशे ग्रॅम ‘क्लोरीन पावडर’ टाकतात. त्यांच्याकडच्या दोन नळ्यांच्या किटमध्ये पाण्याला चांगला पिवळा रंग येतो, त्यामुळे क्लोरीन पुरेसे आहे असे ते सांगतात. पंप दिवसातून चार तास चालतो, कारण विजेच्या बिलावरून वार्षिक सभेत वाद झाला होता.

सल्ले देणारे पुष्कळ आहेत. एक ज्येष्ठ सभासद मोरचूद टाकायला सांगतात आणि पुरवठादार क्लोरीनच्या जोडीला हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या म्हणतो. पावडर दुप्पट करावी असे ऑपरेटरांचे मत आहे. सुट्ट्या लागल्या असून सव्वाशे मुले तलाव उघडण्याची वाट पाहत आहेत. इतका वास येत असताना शेवाळ वाढतेच कसे, हे मला समजलेले नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त_रसायन

सर्वप्रथम तलाव बंद ठेवा. तळाची जाळी काठावरून दिसत नसेल, तर बुडालेले मूलही दिसणार नाही. पाण्यातील जंतूंचा प्रश्न त्यानंतरचा आहे.

आता वासाविषयी. पाण्यात मोकळे राहिलेले क्लोरीन, म्हणजे जंतू मारणारे हायपोक्लोरस आम्ल, योग्य प्रमाणात असेल तर त्याला फारसा वास नसतो. घाम आणि लघवी यांतील अमोनिया व युरिया यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन तयार होतात. नाकाला झोंबतो तो वास त्यांचा असतो आणि डोळेही बहुधा तीच चुरचुरवतात. या बांधल्या गेलेल्या क्लोरीनला संयुक्त क्लोरीन म्हणतात आणि जंतू मारण्याची त्याची ताकद अगदीच कमी असते. त्यामुळे उग्र वास येणे हे बहुतेक वेळा मोकळे क्लोरीन कमी पडल्याचे चिन्ह असते.

ऑपरेटरांचे किट ऑर्थोटोलिडिनचे असावे. त्याचा पिवळा रंग मोकळे आणि संयुक्त असे दोन्ही क्लोरीन मिळून येतो, म्हणून ‘पिवळे झाले’ एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. आपण डीपीडी चाचणीचे किट आणावे. त्यात पहिल्या गोळीने मोकळे क्लोरीन कळते, दुसऱ्या गोळीनंतर एकूण क्लोरीन कळते आणि दोन्हींतील फरक म्हणजे संयुक्त क्लोरीन. हा फरक ०.५ पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे लिटरमागे एक मिलिग्राम) खाली असावा, ०.२ असेल तर उत्तम. एक सावधगिरी मात्र बाळगा. क्लोरीन १० पीपीएमच्या बरेच वर गेले तर डीपीडीचा गुलाबी रंगच उडून जातो आणि नळी पांढरी दिसते. ती शून्य समजून आणखी क्लोरीन ओतणारे लोक मी पाहिले आहेत. शंका आल्यास नमुन्यात दुप्पट-चौपट शुद्ध पाणी मिसळून पुन्हा मोजा.

पावडर कोणती आहे, हे आपण लिहिलेले नाही. पिशवीवर टीसीसीए-९० (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्ल) असे छापलेले असेल, तर सायन्युरिक आम्लही मोजून घ्या, कारण माझा खरा संशय तिथे आहे.

मोरचूद टाकू नका. तांब्याने शेवाळ मरते हे खरे आहे, पण ते तांबे पाण्यातच राहते, टाइलवर डाग पाडते आणि केसांना हिरवट छटा देते. पेरॉक्साइड तर मुळीच नको. पेरॉक्साइड आणि क्लोरीन एकमेकांना निकामी करतात. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये डायव्हिंगचा तलाव जगासमोर हिरवागार झाला, तो नेमका याच चुकीमुळे.

तलावकाठचा

मनःपूर्वक आभार. तलाव बंद केला आहे. पिशवीवर टीसीसीए-९० असेच आहे. एका प्रयोगशाळेकडून पाणी तपासून घेतले, त्याचे आकडे असे आले : मोकळे क्लोरीन ०.५, एकूण क्लोरीन २.५, पीएच ७.८, क्षारता २१०, कठीणपणा ४८०. सायन्युरिक आम्लाची चाचणी थेट मोजमापाच्या बाहेर गेली, म्हणून त्यांनी नमुना निम्मा पातळ करून मोजला. तेव्हा ७० आले, म्हणजे मूळ पाण्यात १४०. हा आकडा काय सांगतो?

वाळूगाळणी

मी पंधरा वर्षे तलावांच्या देखभालीच्या कामात आहे, म्हणून लिहितो. आपल्या ऑपरेटरांनी आळस केलेला नाही. त्यांनी रोज नेमाने जे टाकले, त्यानेच पाणी अडले आहे.

टीसीसीएच्या प्रत्येक दाण्यात क्लोरीनबरोबर सायन्युरिक आम्ल येते. पुरवठादार त्याला स्टॅबिलायझर म्हणतात आणि थोडे असेल तर ते उपयोगीच असते. उघड्या तलावात त्याच्याशिवाय क्लोरीन भर उन्हात दोन-तीन तासांत बहुतेक उडून जाते, ३० ते ५० पीपीएम सायन्युरिक आम्ल असले की टिकते. पण क्लोरीन वापरले जाते आणि हे आम्ल मागे राहते. ते उडत नाही आणि वाळूच्या गाळणीतही अडत नाही. आपला हिशेब पाहा. तीनशे ग्रॅम टीसीसीएमधून रोज सुमारे १६५ ग्रॅम सायन्युरिक आम्ल पाण्यात जाते, म्हणजे आपल्या तलावात दिवसाला दीड पीपीएम. जानेवारीपासून शंभराहून अधिक दिवस झाले, म्हणून दीडशेच्या वर व्हायला हवे होते. बॅकवॉशमध्ये, म्हणजे उलटे पाणी सोडून गाळणी धुताना, थोडे पाणी बदलत गेले, म्हणून १४० वर थांबले.

हे आम्ल क्लोरीनला धरून ठेवते. कामावर फार थोडे सोडते. अनुभवाचा नियम असा की मोकळे क्लोरीन सायन्युरिक आम्लाच्या किमान साडेसात टक्के असले, तरच शेवाळ दबून राहते. १४० ला ते साडेदहा पीपीएम होते आणि आपल्याकडे अर्धा पीपीएम आहे. मार्चपर्यंत निभावले, कारण आम्ल कमी होते आणि पोहणारे मोजके होते. एप्रिलमध्ये ऊन, उकाडा आणि मुले एकदम आली.

पावडर दुप्पट केली तर आम्लही दुप्पट वेगाने साचेल. ते काढायचा व्यवहार्य उपाय एकच आहे, तो म्हणजे पाणी बदलणे. पूर्ण रिकामा करण्याची गरज नाही. दोन-तृतीयांश बदललेत तर ५० च्या जवळ याल, त्याला दहा हजार लिटरचे सात टँकर लागतील. उन्हाळ्यात सात टँकर सभासदांसमोर मांडणे सोपे नाही, हे मी जाणतो. म्हणून आत्ता निम्मे बदला आणि बाकीचे पावसावर सोडा, असेही मी सुचवीन.

निवृत्त_रसायन

हिशेब बरोबर आहे. मात्र ‘आत्ता निम्मे’ या सूचनेशी माझे मतभेद आहेत. निम्मे बदलल्यावर आम्ल ७० राहील आणि मग रोज पाच-सव्वापाच पीपीएम मोकळे क्लोरीन ठेवावे लागेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सार्वजनिक तलावासाठी मोकळे क्लोरीन ३ पीपीएमच्या आत आणि सायन्युरिक आम्ल १०० च्या आत ठेवावे असे आहे. आम्लाने बांधलेले पाच पीपीएम हे साध्या पाण्यातील पाचइतके प्रखर नसते, हे मान्य आहे. तरीही सव्वाशे मुलांचा तलाव काठावरच्या आकड्यांवर चालवू नये. दोन-तृतीयांश पाणी बदलून मोकळे क्लोरीन साडेतीन-चारपर्यंत आणावे, हे मला अधिक पटते. टँकरचे पाणी विंधन विहिरीचे असेल, तर ते उतरवून घेण्याआधी कठीणपणा तपासा. दख्खनच्या काळ्या पाषाणातले पाणी बहुधा जड असते. आपल्याकडे आजच ४८० आहे आणि पीएच ७.८ ला सुरुवातीच्या पांढुरकेपणात चुन्याचाही वाटा असू शकतो.

जलसुरक्षक_माजी

मी बारा वर्षे ग्रामपंचायतीत जलसुरक्षक होतो. पोहण्याच्या तलावाचे काम केलेले नाही, पण क्लोरीनच्या दोन गोष्टी नमूद कराव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट ओटी चाचणीची. ऑर्थोटोलिडिनने काहीच वेगळे कळत नाही, हे पूर्ण खरे नाही. थेंब टाकल्यावर पहिल्या दहा सेकंदांत जो पिवळा रंग येतो तो मुख्यतः मोकळ्या क्लोरीनचा असतो, आणि पंधरा-वीस मिनिटे थांबल्यावर जो गडद होतो त्यात संयुक्त क्लोरीनही आलेले असते. गावाच्या शेवटच्या नळाला किमान ०.२ पीपीएम आहे का, हे आम्ही असेच लगेच पाहून नोंदवत असू. आपले ऑपरेटर नळी कठड्यावर ठेवून इतर कामे उरकून रंग पाहत असतील, तर त्यांना भरपूर पिवळे दिसणारच. तपासलेला नमुना मात्र तलावात परत ओतू नये, ते रसायन अंगाला लागणे चांगले नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आमच्याकडे ‘पावडर’ म्हणजे टीसीएल, म्हणजेच ब्लीचिंग पावडर. ताज्या टीसीएलमध्ये तेहतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असते, बाकी चुना असतो. आपल्याकडे ‘पावडर’ म्हणजे टीसीसीए. नावे सारखी वाटतात, बिलावर दोन्हींना ‘क्लोरीन पावडर’ लिहितात आणि दोन्ही पिशव्या एकाच खोलीत येऊन पडतात. ही दोन रसायने कोरडी किंवा थोड्या पाण्यात एकत्र आली तर भयंकर तापतात, विषारी वायू सोडतात, पेट घेतात आणि स्फोटही होऊ शकतो. आता आपण क्लोरीनचा प्रकार बदलणार आहात, तेव्हा जुनी बादली, जुना मगा आणि जुना डोसर नव्या रसायनासाठी अजिबात वापरू नका. आणि टीसीएल तलावात टाकण्याचा मोह टाळा. आम्ही निवळी करून वरचे पाणी घेत असू, तरी टाकीच्या तळाशी चुन्याचा थर बसायचाच.

वाळूगाळणी

जलसुरक्षकांनी लिहिलेले आपल्या पंपघरात मोठ्या अक्षरांत लावा. त्यात माझी एक भर आहे. हायपोक्लोराइट आणि ॲसिड यांचे कॅन शेजारी ठेवू नका. एकाचा उरलेला घोट दुसऱ्यात पडला तरी क्लोरीन वायू सुटतो. रसायन नेहमी पाण्यात टाकावे, रसायनावर पाणी ओतू नये.

आता कामाचा क्रम. आधी पाणी बदला, मग क्लोरीन चढवा. उलट केलेत तर महागडे क्लोरीन गटारात जाईल. काढायचे पाणी दोन दिवस काहीही न टाकता उन्हात राहू द्या, मोकळे क्लोरीन शून्यावर आले की ते फ्लशच्या टाक्यांना आणि वाहनतळ धुण्याला वापरता येईल. एप्रिल आहे म्हणून पातळी इतकी उतरवायला हरकत नाही, पावसाळ्यात असे करू नका. जमिनीतील पाण्याचा दाब वाढलेला असताना तलाव रिकामा केला तर तळ उचलला जाऊ शकतो.

नवे पाणी मिसळून आम्ल ५० च्या आसपास आले की ॲसिडने पीएच ७.२ वर आणा आणि द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइटने मोकळे क्लोरीन २० पीपीएमपर्यंत चढवा. आपल्या तलावात एक पीपीएमला १०८ ग्रॅम क्लोरीन लागते, म्हणजे वीसला २,१६० ग्रॅम. हायपो खरोखर दहा टक्क्यांचे असेल तर साधारण बावीस लिटर. ‘खरोखर’ असे मुद्दाम लिहिले, कारण उन्हात पडून राहिलेला कॅन बघता बघता निम्म्या ताकदीचा होतो. ताजा माल घ्या आणि सावलीत ठेवा. पासष्ट-सत्तर टक्क्यांचे कॅल्शियम हायपोक्लोराइट आपल्याला नको, कारण ते कठीणपणा आणखी वाढवेल.

क्लोरीन सूर्यास्तानंतर टाका, पंप रात्रभर चालू ठेवा, भिंती आणि पायऱ्यांच्या सांदी ब्रशने घासून काढा आणि पातळी उतरली की पुन्हा वीसवर न्या. पाणी निवळले तरी घाई करू नका. रात्री शेवटचे आणि पहाटे ऊन येण्याआधी असे दोनदा मोजा. त्या दोहोंत एक पीपीएमपेक्षा जास्त घट असेल, तर क्लोरीन खाणारे काहीतरी पाण्यात अजून जिवंत आहे.

चार तासांच्या पंपाविषयी बोललेच पाहिजे. आपला पंप तासाला अठरा हजार लिटर देत असेल असे धरू, म्हणजे सहा तासांत एक फेरा. पण गाळलेले पाणी परत त्याच तलावात मिसळते, त्यामुळे एका फेऱ्यात तलावातील सुमारे त्रेसष्ट टक्के पाणीच प्रत्यक्ष गाळणीतून गेलेले असते, दोन फेऱ्यांत शहाऐंशी टक्के. चार तासांत जेमतेम निम्मे होते. सुट्टीच्या दिवसांत बारा तास तरी हवेत. बॅकवॉश वाराप्रमाणे न करता दाबमापक पाहून करा. स्वच्छ गाळणीच्या दाबापेक्षा अर्धा बार वाढला की तो करावा आणि गाळणीच्या पाहणी-काचेत पाणी नितळ दिसेपर्यंत चालू ठेवावा. आपल्याकडे केसांना तेल लावून पोहायला येण्याची पद्धत आहे. त्या खोबरेल तेलाने वाळूचे गोळे होतात आणि पाणी त्यांना वळसा घालून न गाळता निघून जाते, म्हणून एकदा झाकण उघडून वाळू हाताने पाहा.

शेवाळ मेल्यावर पाणी निळसर पांढुरके होईल. तेव्हा तुरटीचे द्रावण तलावभर शिंपडून पंप बंद ठेवा आणि रात्रभरात तळाला बसलेला गाळ सकाळी व्हॅक्यूमने थेट बाहेर काढा. तो गाळणीतून नेऊ नका. तुरटीने पीएच उतरतो, पण आपली क्षारता भरपूर असल्याने चिंता नाही.

तलावकाठचा

आपणा सर्वांच्या सल्ल्यानुसार काम झाले, म्हणून आकडे नोंदवतो. समितीच्या सभेत दीड तास चर्चा झाली. सात टँकर एकदम आणायला विरोध होता, म्हणून ते दोन हप्त्यांत, चार आणि तीन असे आणले आणि काढलेले पाणी फ्लशच्या टाक्यांत वळवले. एका सभासदांनी ‘पाणी दिसायला तर निळे हवे, त्यात आम्ल कसले मोजता?’ असे विचारले. तेव्हा मी प्रयोगशाळेची चाचणी त्यांच्यासमोर करून दाखवली. नळीच्या तळाचा काळा ठिपका आम्लामुळे उठलेल्या पांढऱ्या धुक्यात नाहीसा झाला, आणि त्यानंतर त्यांनीच ठरावाला अनुमोदन दिले.

सात टँकरनंतर सायन्युरिक आम्ल ५० आले. पहिल्या रात्री २० पीपीएम टाकलेले क्लोरीन सकाळी ७ वर आले होते. दुसऱ्या रात्री ९ ची घट झाली, चौथ्या रात्री अडीचची आणि सहाव्या रात्री ०.६ ची. वाळू उघडली तेव्हा वरचा चार बोटांचा थर मेणचट निघाला, तो काढून नवी वाळू भरली. तुरटीनंतर तळाची जाळी आणि तिचे स्क्रूही दिसू लागले. क्लोरीन ४ वर उतरल्यावर तलाव उघडला. आज संयुक्त क्लोरीन ०.३ आहे, पीएच ७.५ आहे आणि फाटकाशी वास येत नाही. वास गेला म्हणून ‘क्लोरीन कमी टाकता का?’ असे दोन पालकांनी विचारले.

आता ऑपरेटर रोज संध्याकाळी सुमारे अडीच लिटर हायपो टाकतात आणि दिवसातून दोनदा डीपीडीचे आकडे वहीत लिहितात. टीसीसीएची उरलेली पिशवी वेगळ्या कोरड्या खोलीत ठेवली आहे. पोहण्यापूर्वी साबण लावून अंघोळ आणि डोक्याला टोपी सक्तीची केली, त्यावरून मात्र अजून कुरबूर चालू आहे.

माझ्या दोन शंका उरल्या आहेत. आम्ल आणखी खाली आणण्यासाठी पावसाचा खरोखर उपयोग होईल का? आणि पाण्याच्या रेषेवर टाइलना पांढरा खरबरीत पट्टा धरला आहे, त्यावर ऑपरेटर ॲसिड ओतू पाहत आहेत, ते योग्य आहे का?

निवृत्त_रसायन

पावसाचा हिशेब सोपा आहे. तलावाचे क्षेत्रफळ नव्वद चौरस मीटर आहे. पुण्यात जून ते सप्टेंबर साडेपाचशे मिलिमीटर पाऊस झाला असे धरले, तर तलावावर थेट सुमारे पन्नास हजार लिटर पाणी पडेल आणि तितकेच मिसळून काठावरून वाहून जाईल. एवढ्याने ५० चे आम्ल ३० च्या थोडे वर येईल. बाष्पीभवन धरले तर फायदा थोडा कमी, पण टँकरशिवाय मिळणारा आहे. मात्र वाहणाऱ्या पाण्याबरोबर क्लोरीनही जाते, तेव्हा मोठी सर येऊन गेली की लगेच मोजा.

वाळूगाळणी

ॲसिड ओतू देऊ नका, टाइलमधला सांधा खाल्ला जाईल. पातळी वीतभर उतरवा आणि ओल्या टाइलवर पाय घासायच्या सच्छिद्र दगडाने हलके घासा, आधी एखाद्या कोपऱ्यात करून पाहा, कारण काचेच्या टाइलवर त्याने ओरखडे उठतात. पीएच ७.२ ते ७.४ मध्ये ठेवलात तर पट्टा पुन्हा इतक्या लवकर धरणार नाही. हायपो आणि जड पाणी असताना पीएच आपोआप वर सरकत राहील, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी थोडे ॲसिड लागेल. ते पंप चालू असताना खोल बाजूला, भिंतीपासून दूर, सावकाश ओतावे आणि त्या वेळी पाण्यात कोणीही असू नये.